मासा म्हणजे पीठ

बुधवार : ह्यूस्टन ते सॅन अँटोनियो

माझी नात चार वर्षांची. तिला सांभाळणाऱ्या बाई मेक्सिकोच्या, घरात मराठी, टीव्हीवर इंग्रजी. मी ह्यूस्टनला पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं ताटली पुढे केली आणि म्हणाली, "आजी, मास भात!" मला वाटलं पोरीला मांस हवंय. लेक हसायला लागली. "आई, मास म्हणजे अजून. स्पॅनिश आहे ते." दोन दिवसांनी ओट्यावर पिठाची पिशवी दिसली. हे काय, म्हटलं, तर म्हणे 'मासा'. मी घोलवडची. मासा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे बोंबील येतो. इथे मासा म्हणजे मक्याचं मळलेलं पीठ, आणि ते पीठ करायला मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात. चुना आमच्याकडे पानाला लागतो आणि भिंतीला. भाकरीला लागतो हे नवीनच.

जावई म्हणाले, "आई, हे सगळं कुठून येतं ते बघायचं असेल तर दक्षिणेला जाऊ." म्हणून फेब्रुवारीतल्या या बुधवारी आम्ही चौघं निघालो. ह्यूस्टन ते सॅन अँटोनियो सुमारे ३२० किलोमीटर, रस्ता इतका सरळ की जावई मधून मधून नुसते जांभया देत होते.

सॅन अँटोनियोत आधी अलामो. १७१८ साली स्थापन झालेलं ख्रिस्ती मिशन. दगडी दर्शनी भिंत फोटोत वाटते त्याच्या निम्मी. १८३६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मेक्सिकोचा सेनापती सांता आना यानं इथे मेक्सिकोविरुद्ध बंड करून बसलेल्या टेक्सासच्या माणसांना तेरा दिवस वेढा घातला आणि आतली जवळपास सगळी माणसं मारली. टेक्सासच्या शाळांत ही गोष्ट आपल्या पावनखिंडीसारखी शिकवतात. फक्त आत सगळे गोरेच नव्हते. ग्रेगोरियो एस्पार्सा नावाचा इथलाच स्पॅनिश बोलणारा गडी आत लढताना पडला, आणि त्याचा सख्खा भाऊ बाहेर मेक्सिकन सैन्यात होता. भावानं परवानगी काढून त्याचं प्रेत नेऊन पुरलं. मी त्या भिंतीसमोर जास्त वेळ थांबले ती या दोघांसाठी.

पण सांता आनाची मला खरी ओळख पटली ती पुढच्या एका गोष्टीनं, आणि ती मला लेकीनं बाकावर बसून फोनवरून वाचून दाखवली. हा सेनापती पुढे हद्दपार होऊन १८६० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कजवळ स्टेटन आयलंडवर राहत होता. त्याच्याजवळ मेक्सिकोतला एक झाडाचा चीक होता, चिक्ले. थॉमस अ‍ॅडम्स नावाच्या माणसानं त्याचं रबर करायचा खटाटोप केला, ते जमलं नाही, मग त्याचं चघळायचं गम केलं. १८७१ मध्ये त्यानं गम बनवायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. आता हे झाड कुठलं? चिक्कूचं! आमच्या वाडीत सासऱ्यांनी लावलेली झाडं आहेत, सालीला नख लागलं की पांढरा चीक येतो आणि बोटं चिकटतात. फळाला मेक्सिकोत 'चिकोसापोते' म्हणतात, आपला चिक्कू त्याचंच लाडकं नाव. घोलवडच्या चिक्कूला भौगोलिक मानांकन आहे म्हणून आम्ही ताठ मानेनं फिरतो, आणि त्याचा मेक्सिकन काका अमेरिकेला गम चघळायला शिकवून गेला.

संध्याकाळी जुन्या बाजारात, मार्केट स्क्वेअरमध्ये. रंगीत कागदी पताका, गिटारवाले, आणि पावडर-कुंकू केल्यासारखी साखर लावलेले पाव. १८८० च्या आसपास या शहराच्या चौकांत रात्री बायका शेगड्या मांडून बसायच्या. कंदिलाच्या उजेडात मांसाचा तिखट रस्सा म्हणजे चिली, बीन्स, आणि मक्याच्या पीठात सारण भरून वाफवलेले तमाले विकायच्या. त्यांना 'चिली क्वीन्स' म्हणत. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात सॅन अँटोनियोच्या या चिलीचा ठेला होता. इथल्या जवळच्याच न्यू ब्राउनफेल्समधल्या विल्यम गेबहार्ट या जर्मनानं मिरच्या वाळवून, दळून बाटलीत भरल्या आणि चिली पावडर सगळ्या देशात पोचली. आम्ही मे महिन्यात मसाला कुटून बरण्या भरतो तीच युक्ती, त्यानं तिच्यावर गरुडाचं चित्र लावलं इतकंच. आणि त्या बायका? आरोग्य खात्याचे नियम आले, १९३० नंतरच्या दशकात त्यांचे ठेले एकेक करून उठले. आता त्याच बाजारात त्यांच्या नावानं पाट्या आहेत.

जेवण झालं, बाई बिल घेऊन आल्या आणि जावयांना म्हणाल्या, "वा आ पागार आकी?" मी दचकले. पगार? जावई म्हणाले, पैसे इथेच देणार का असं विचारतायत. पागार म्हणजे पैसे देणं. आपल्याला पोर्तुगीजांनी दिला तोच शब्द, त्याची ही स्पॅनिश सख्खी बहीण. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेचा पगार घेतला, पण तो शब्द कुठून आला हे वर्गात कधी सांगितलं नाही.

गुरुवार : सॅन अँटोनियो

सकाळी टाको. इथे न्याहारीला टाको खातात; गव्हाची मऊ पोळी, आत अंडं-बटाटा किंवा बीन्स आणि चीज. ऑस्टिन आणि सॅन अँटोनियो यांच्यात हा नाश्ता कुणाचा यावर भांडण आहे, आपल्या मिसळीच्या भांडणासारखं, न मिटणारं. काउंटरवरच्या मुलीनं ऑर्डर परत वाचून दाखवली: "टू पापा कॉन ऊएवो, वन बीन अँड चीज, ई के मास, मिहा?" 'मास' ऐकताच नात ओरडली, "मास दूध!" ती मुलगी खूश. 'मिहा' म्हणजे माझी लेक. आमच्या किनाऱ्यावर कुठल्याही पोरीला 'बाय' म्हणतात तसं.

एक सांगून ठेवते. मी मासे-कोंबडी खाते, गाय-डुक्कर खात नाही. या भागात बीन्स डुकराच्या चरबीत परतण्याची जुनी रीत आहे, म्हणून मी प्रत्येक ठिकाणी विचारलं. कुणी तोंड वाकडं केलं नाही. एका ठिकाणच्या म्हाताऱ्या आचाऱ्यानं स्वतः बाहेर येऊन तेलाचा डबा दाखवला.

पोळी लाटायच्या बाईजवळ मी पंधरा मिनिटं उभी होते. काचेमागे ती आणि तिचं लाटणं, 'पालोते'. दोन्हीकडे मुठी नसलेला सरळ दांडका. तव्याला 'कोमाल' म्हणतात, हा शब्द स्पॅनिशही नाही, त्याआधीच्या नावात्ल भाषेतला. गव्हाची पोळी ही उत्तर मेक्सिकोची, मक्याची दक्षिणेची, आणि इथे दोन्ही. तिनं मला खुणेनं विचारलं, तू करतेस? मी हवेत लाटून दाखवलं. तिनं मान हलवली: नाही, आधी पीठ फिरव. म्हणजे पोळी एका लाटण्यात गोल होणं हा जगातल्या सगळ्या सुनांचा छळ दिसतो.

दुपारी 'पफी टाको'. मासा तेलात सोडतात, टम्म फुगते, मग दुमडून आत सारण भरतात. ही पुरी आहे. दुसरा शब्द नाही. या शहराच्या बेसबॉल संघाचा एक सोंगाड्या टाकोच्या पोशाखात मैदानात पळतो आणि लहान मुलं त्याला पाडतात, असं जावयांनी सांगितलं. फ्रिटोज नावाची पाकिटातली मक्याची कुरकुरीत पट्टीही इथलीच: १९३२ मध्ये चार्ल्स एल्मर डूलिन यानं गुस्तावो ओल्गीन या मेक्सिकन माणसाकडून कृती आणि सामान शंभर डॉलरला घेतलं. शंभर! पुढे त्याचं काय झालं ते प्रत्येक किराणा दुकानात लटकलेलं आहे.

या सगळ्याला 'टेक्स-मेक्स' म्हणतात. नाव मूळचं एका रेल्वे कंपनीचं, टेक्सास मेक्सिकन रेल्वेचं, तिचं लघुरूप. जेवणाला ते चिकटलं नंतर, आणि बराच काळ शिवीसारखं: हे खरं मेक्सिकन नाही, पिवळं चीज काय घालता, एवढं जिरं काय घालता! जिऱ्याचं श्रेय काही जण १७३१ मध्ये इथे वसवलेल्या कॅनरी बेटांवरच्या कुटुंबांना देतात. मला तर त्या जिऱ्यानंच घरी आल्यासारखं वाटलं. 'खरं' जेवण म्हणजे काय हा प्रश्न मुळात ज्याला दोन वेळा रांधायचं नाही त्याला पडतो, असं माझं मत आहे. मिरची, टोमॅटो, मका, पेरू, पपई, सगळं या बाजूनं आपल्याकडे आलं. मिरचीशिवायचं 'अस्सल' मराठी जेवण मी तरी जेवले नसते. उलट इथल्या गाड्यांवर आंब्याच्या फोडींवर तिखट, मीठ, लिंबू घालून देतात आणि चिंचेच्या सरबताला 'तामारिंदो' म्हणतात; त्या शब्दात 'हिंद' आहे, अरबांनी चिंचेला हिंदी खजूर म्हटलं त्याची खूण. मी दोन पेले प्यायले.

एका दुकानात टीशर्ट होता: 'आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमेनं आम्हांला ओलांडलं.' लेकीनं वाचून दाखवलं. अमेरिका-मेक्सिको युद्ध संपवणाऱ्या १८४८ च्या तहानंतर रिओ ग्रांदे नदी ही सीमा ठरली आणि नदीच्या या अंगाची माणसं घरात बसल्या बसल्या परदेशात गेली. मी मनात म्हटलं, हे माझ्या आजोबांना सांगायला हवं होतं. माझं माहेर उंबरगाव. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, आणि ठाणे जिल्ह्यातलं उंबरगाव गुजरातेत गेलं. आजोबा म्हणायचे, "झोपलो मराठी, उठलो गुजराती." घर होतं तिथेच. अंगणात दोन्ही भाषा आधीही होत्या, नंतरही राहिल्या. दुकानात गुजराती, देवघरात मराठी, भांडताना दोन्ही. आम्ही भाषा मिसळतो असं आम्हांला कधी वाटलंच नाही. ते बाहेरून आलेल्या पाहुण्यांना वाटायचं.

रात्री एका साध्या हॉलात कोन्हुन्तो, म्हणजे इथलं नाचायचं संगीत, ऐकलं. बटणांचा अ‍ॅकॉर्डियन आणि बाहो सेक्स्तो, म्हणजे बारा तारांची जाड गिटार. सत्तरीतली जोडपी मिळून गोल गोल फिरत होती, पुरुषांच्या टोप्या जागच्या हलत नव्हत्या. ताल ऐकला आणि वाटलं, हा तर बँडवाल्यांचा पोल्का! तोच आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मन आणि चेक शेतकरी टेक्सासात आले, त्यांची पेटी आणि पोल्का नावाचा नाचाचा ताल शेजारच्या मेक्सिकन मजुरांनी ऐकला, उचलला, आणि त्यावर स्पॅनिश गाणी बसवली. आपली पेटीही युरोपातूनच आली आणि आज तिच्याशिवाय भजन होत नाही. या वाद्याचा इथला मोठा वादक फ्लाको हिमेनेस, सॅन अँटोनियोचाच. ३१ जुलै २०२५ ला गेला. भिंतीवर त्याचा फोटो होता, हार नव्हता, खाली बिअरची बाटली ठेवलेली.

या शहरातच लिदिया मेन्दोसा गायची. जन्म १९१६, ह्यूस्टनचा. पोरवयात भाजीबाजाराच्या चौकात घरच्यांबरोबर नाणी गोळा करत गायची, १९३४ मध्ये तिचं पहिलं मोठं गाणं निघालं आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना ती 'सीमेवरची चंडोल' झाली. त्या गाण्याचे शब्द तिला कुठे मिळाले होते? गमच्या वेष्टनावर छापलेले! बुधवारचा चिक्कू गुरुवारी रात्री असा परत भेटला. मी हे सांगितलं तेव्हा जावई म्हणाले, "आई, आता तुम्ही प्रत्येक गोष्टीत चिक्कू काढणार." काढणारच.

शुक्रवार : कोटुला मार्गे लारेडो

दक्षिणेला निघालो तशी झाडं बुटकी झाली. मेस्कीट. काटे, बारीक पानं, शेंगा. आपल्याकडे सोलापूर-नगरकडे जिला वेडी बाभूळ म्हणून शिव्या घालतात तिची चुलत बहीण. इथे तिच्या लाकडाच्या धुरावर मांस भाजतात आणि पाटीवर अभिमानानं लिहितात.

कोटुला हे छोटंसं गाव, कुणी थांबत नाही. मीच थांबवलं. १९२८-२९ मध्ये वीस वर्षांचा लिंडन जॉन्सन, पुढचा राष्ट्राध्यक्ष, इथल्या मेक्सिकन मुलांच्या वेलहाउझन शाळेत मास्तर होता. पोरं उपाशी यायची. त्यानं स्वतःच्या पगारातून खेळाचं सामान आणलं. आणि मैदानातसुद्धा इंग्रजीच बोलायचं असा त्याचा दंडक होता. तो काही एकटा क्रूर नव्हता; टेक्सासात १९१८ च्या कायद्यानं इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत शिकवणं गुन्हा होता, आणि स्पॅनिश बोलल्याबद्दल पोरांना शाळेत थांबवून ठेवणं, छड्या मारणं हे पुढे कित्येक वर्षं चाललं. याच जॉन्सननं राष्ट्राध्यक्ष झाल्यावर २ जानेवारी १९६८ ला द्विभाषिक शिक्षणाच्या कायद्यावर सही केली.

मी गाडीतून उतरून शाळेच्या कुंपणापाशी उभी राहिले. डहाणू तालुक्यातल्या माझ्या वर्गात निम्मी मुलं वारली बोलणारी होती. पहिलीत यायची, तोंड मिटून बसायची. वहीत घरचा शब्द आला की मी लाल पेनानं गोल करायची. 'शुद्ध लिही.' मला वाटायचं मी त्यांचं भलं करतेय, आणि काहींचं झालंही असेल. एक मुलगा चौथीपर्यंत माझ्याशी एक वाक्य बोलला नाही, आणि मधल्या सुट्टीत मैदानावर त्याचा आवाज सगळ्यात मोठा असायचा. तो आवाज ऐकून मी खिडकी लावून घेतली होती. जॉन्सन मास्तरांचं निदान वय वीस होतं.

लेक हाक मारत होती, "आई, चल, ऊन लागतंय." फेब्रुवारी, पण ऊन खरंच होतं.

लारेडोत संध्याकाळी शिरलो आणि भाषाच उलटली. सॅन अँटोनियोत इंग्रजीत स्पॅनिश घालतात, इथे स्पॅनिशमध्ये इंग्रजी. गाडी लावणं 'पार्केआर'. ट्रक 'त्रोका'. दुपारचा डबा 'लोन्चे'. भंगारगाड्यांचं दुकान 'योन्के', म्हणजे जंक. गाडीतून सोडतो का विचारायचं तर 'राईते'. यात मला एक व्याकरणाची गंमत दिसली. आपण परका शब्द घेतला की त्याला 'करणे'ची काठी देतो: पार्क करतो, कॉल करतो. हे लोक तशी काठी देत नाहीत; इंग्रजी शब्द थेट आपल्या क्रियापदाच्या चरकात घालतात आणि सगळे काळ-पुरुष पिळून काढतात. इंग्रजी 'वॉच'चं तसंच 'वाचार' झालंय. हॉटेलच्या आवारात मी फोटो काढत मागे मागे जात होते, एक माणूस ओरडला, "वाचले!" मागून ट्रक येत होता. मी बाजूला उडी मारली आणि तोंडातून निघालं, "वाचले!" तो म्हणाला होता 'बघा', मी म्हणाले होते 'जीव राहिला'. दोघांनाही वाटलं समोरचा आपलीच भाषा बोलतो.

शनिवार : लारेडो ते सॅन बेनितो

न्याहारीच्या टाकोला लारेडोत टाको म्हणत नाहीत, 'मारियाची' म्हणतात. का ते विचारलं तर प्रत्येकानं वेगळं कारण दिलं, म्हणून एकही लिहीत नाही.

गाव १७५५ चं, स्पॅनिश राजवटीतलं. १८४० मध्ये काही महिने हे एका वेगळ्याच देशाची, रिओ ग्रांदे प्रजासत्ताकाची राजधानी होतं. त्याचं छोटं संग्रहालय चौकात आहे. टेक्सासवर सहा झेंडे फडकले म्हणतात, लारेडो म्हणतं आमच्यावर सात. १८४८ नंतर ज्यांना मेक्सिकोतच राहायचं होतं ते नदी ओलांडून गेले आणि समोर नुएवो लारेडो वसलं. जाताना पितरांच्या अस्थीही उकरून नेल्या अशी आख्यायिका आहे.

आणि या गावाचा सगळ्यात मोठा उत्सव कुणाचा, तर जॉर्ज वॉशिंग्टनच्या वाढदिवसाचा! १८९८ पासून, दर फेब्रुवारीत. ज्या माणसाचा या गावाशी काही संबंध नव्हता त्याचा. श्रीमंत घरच्या, बहुतेक मेक्सिकन आडनावांच्या मुली मण्यांनी मढवलेले भले जड झगे घालून वसाहतकाळातल्या गोऱ्या बायका होतात, मिरच्या खाण्याच्या शर्यती लागतात, आणि पुलाच्या मध्यावर दोन्ही देशांची मुलं एकमेकांना मिठी मारतात. आम्ही गेलो तेव्हा गावभर त्याची तयारी होती. आधी मला हसू आलं. मग आठवलं, आमच्या शाळेत वारली पोरं मावळ्यांचे फेटे बांधून मिरवत, आणि त्यांच्या डोळ्यांतली चमक खोटी नसायची.

पुलापलीकडे आम्ही गेलो नाही. लेक-जावयांच्या व्हिसाची भानगड. परत येताना कोण काय विचारेल सांगता येत नाही. नाचोजची जन्मभूमी पिएद्रास नेग्रासही त्यामुळे राहिली. तिथे दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत अमेरिकन सैनिकांच्या बायका सीमेपलीकडून आल्या, आचारी जागेवर नव्हता, इग्नासिओ अनाया यानं तळलेल्या पोळीचे तुकडे, चीज आणि मिरचीचे काप घालून भट्टीत सरकवले. इग्नासिओचं घरगुती नाव नाचो. आचारी सापडला असता तर जगाला नाचोज मिळाले नसते.

दुपारभर नदीकाठच्या रस्त्यानं. झापाटा, रोमा, रिओ ग्रांदे सिटी. गावं मागे पडली, नात झोपली. रेडिओवरचा निवेदक एका वाक्यात तीनदा भाषा बदलत होता आणि एकदाही अडखळत नव्हता.

सॅन बेनितोच्या पाण्याच्या टाकीवर फ्रेडी फेंडरचं चित्र आहे. खरं नाव बाल्देमार उएर्ता, जन्म १९३७, शेतमजुराचं पोर. गोऱ्या श्रोत्यांत खपावं म्हणून त्यानं आडनाव घेतलं ते गिटारच्या कंपनीचं! १९७५ मध्ये त्याचं अर्धं इंग्रजी, मध्येच स्पॅनिश कडवं असलेलं गाणं अमेरिकेत कंट्री आणि पॉप दोन्ही याद्यांत पहिलं आलं. याच परिसरात नार्सिसो मार्टिनेस वाढला, कोन्हुन्तोचा जनक मानतात त्याला. १९३६ मध्ये त्याच्या तबकड्या निघू लागल्या. गंमत अशी की कंपनीनं त्याच तबकड्या पोलिश गिऱ्हाइकांना 'पोल्स्की क्वार्तेत' आणि लुइझियानातल्या फ्रेंच भाषकांना 'लुइझियाना पीट' अशी नावं चिकटवून विकल्या. जर्मन पेटीवर मेक्सिकन माणसानं वाजवलेला पोल्का पोलंडच्या माणसाला आपला वाटला. म्हातारपणी हा कलावंत ब्राउन्सव्हिलच्या प्राणिसंग्रहालयात जनावरांची देखभाल करायचा. त्याच्या नावाचं केंद्र आम्ही पोचलो तेव्हा बंद होतं. बाहेर उभं राहून फोनवर त्याचा एक पोल्का लावला. नात पायऱ्यांवर नाचली.

रविवार : ब्राउन्सव्हिल ते कॉर्पस क्रिस्ती

रविवारी सकाळी इथली माणसं बार्बाकोआ खातात. बैलाचं अख्खं डोकं जमिनीतल्या खड्ड्यात मेस्कीटच्या निखाऱ्यांवर रात्रभर ठेवतात. ब्राउन्सव्हिलमधल्या व्हेराज या दुकानाचं हे काम १९५५ पासून चालू आहे आणि २०२० मध्ये त्याला जेम्स बिअर्ड संस्थेचा सन्मान मिळाला. जावयांनी गालाचं मांस पौंडावर घेतलं. डोळ्यालाही मागणी असते म्हणे. मी बाहेर बाकावर बसून पोळी, कोथिंबीर, कांदा आणि साल्सा (टोमॅटो-मिरचीची चटणी) खाल्ला, आणि धुराचा वास मला आवडला हे कबूल करते. रांगेत सहकुटुंब चर्चचे कपडे घातलेली माणसं होती. आमच्याकडे रविवारी मटणाच्या दुकानापुढे असते तीच रांग, तोच संयम, पुढच्याला शेवटचं मिळेल ही तीच धाकधूक.

उत्तरेला निघालो. किंग रँच सुरू होतो तो संपतच नाही: ८ लाख २५ हजार एकर. मालक रिचर्ड किंग यानं १८५४ मध्ये दुष्काळानं होरपळलेल्या क्रुइयास या मेक्सिकन गावातली माणसं बायकामुलांसकट इथे आणली, आणि त्यांनी त्याला गुरं राखायला शिकवलं. सिनेमातला गोरा काउबॉय बोलतो ते निम्मे शब्द या लोकांचे: रँच म्हणजे रांचो, लॅसो म्हणजे लासो, लॅरिएट म्हणजे ला रेआता, मस्टँग म्हणजे मेस्तेन्यो. 'बकरू' म्हणजे वाकेरो, गुराखी. मला इतकी वर्षं वाटायचं तो काहीतरी बकऱ्यांशी संबंधित असावा.

सरिताच्या तपासणी नाक्यावर गाडी थांबवली. सीमा मागे राहिली होती, तरी सगळ्यांना विचारतात. अधिकाऱ्याच्या छातीवर स्पॅनिश आडनाव. "ऑल यू. एस. सिटिझन्स?" तिघांचे पासपोर्ट बाहेर निघाले. गाडीतली एकमेव अमेरिकन नागरिक मागच्या खुर्चीत पट्ट्यानं बांधलेली, हातात अर्धा टाको. तिनं त्याला सांगितलं, "ओला! मी नाचले." तो हसला, कागद परत दिले. मी धीर करून म्हटलं, "ग्रासियास." तो म्हणाला, "दे नादा, मिहा." त्रेसष्टाव्या वर्षी मला कुणीतरी बाय म्हणालं.

कॉर्पस क्रिस्तीच्या समुद्रकाठी सेलेना किंतानियाचा पुतळा आहे. जन्म १९७१, गाव टेक्सासातलंच, घरात इंग्रजी. वडिलांनी तिला स्पॅनिश गाणी उच्चार पाठ करून घेऊन गायला लावली; अर्थ नंतर, भाषा त्याहून नंतर. २६ फेब्रुवारी १९९५ ला ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोममध्ये ती साठ हजारांहून जास्त लोकांपुढे गायली आणि ३१ मार्चला तिचा खून झाला, वय तेवीस. त्याच वर्षी निघालेला तिचा इंग्रजी-स्पॅनिश अल्बम अमेरिकेच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर उतरला. पुतळ्यापाशी पांढरे गुलाब होते. लेक गप्प होती. मग म्हणाली, "आई, मी हिच्याकडून रामरक्षा इंग्रजी अक्षरांतून पाठ करून घेते त्याबद्दल तू मला बोललीस ना, परवा." बोलले होते. 'अर्थ न कळता काय उपयोग' असं म्हणाले होते. सेलेना समोर उभी होती. मी नातीच्या नाकाला लागलेली साल्सा पुसली.

सोमवार : ह्यूस्टन

परतीचा रस्ता, लिहिण्यासारखं काही नाही. पेट्रोल पंपावर गमचं पाकीट घेतलं. आता गममध्ये चिक्कूचा चीक बहुतेक नसतो, सगळं कृत्रिम. तरी घेतलं.

घरी येऊन ओट्यावरची ती पिशवी उघडली. गरम पाणी घातलं, मळलं. मक्याच्या साध्या पिठाची भाकरी थापताना कडा फाटतात, हे पीठ चुन्यामुळे लोण्यासारखं एकत्र येतं. परातीत थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, फुगली. वास भाकरीचा नव्हता, ओल्या मातीवर चुना शिंपल्यासारखा होता. लसणाचा ठेचा आणि दही घेऊन बसलो. नातीनं पहिला घास घेतला, चावला, आणि ताटली पुढे केली.

"आजी, मास मासा."